तापलेल्या गाडीला विसावा देऊ नका

गांधीधाम, कच्छ
चैत्र सरत आला, सोमवार

तीर्थरूप धर्माजीमामा यांना गोरखचा पायांना हात लावून नमस्कार. (पाय मागं घेऊ नका. दर वेळी घेता, पत्रात तरी घेऊ नका.) तुमची तब्येत, मामीचा उजवा गुडघा, नुकतीच व्यालेली गाय, चाळीत भरलेला कांदा आणि विहिरीतलं पाणी, यातलं जे जे बरं असेल ते तसंच राहो आणि जे नसेल ते आखितीपर्यंत बरं होवो, एवढं लेण्याद्रीच्या गणपतीकडं मागणं. मी इकडं आहे. इकडं वारं फार, वाऱ्यात मीठ आणि आमटीत गूळ. मीठ आमटीत आणि गूळ वाऱ्यात असता तर चाललं असतं, पण इथं कुणी विचारत नाही.

पत्र कशासाठी ते आधीच सांगून टाकतो, कारण मी लिहिताना भरकटतो आणि तुम्ही वाचताना पेंगता. मामी म्हणाली की तुम्ही गाडी खरंच विकायला काढलीय आणि आखिती झाली की मंचरचे पावणे ती बघायला येणार आहेत. बघायला कसले, न्यायलाच. तर ते यायच्या आत गाडीचं दुखणं काय आहे ते तुमच्या कानावर घालायचंय. दुखणं मला सापडलंय. (हेच वाक्य यात्रेच्या आठवड्यात मी तुम्हाला वरचेवर ऐकवलं आणि दर वेळी तोंडावर पडलो, हे माझ्या ध्यानात आहे. पण या वेळी खरंच सापडलंय.) फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही मला बोलू कुठं देता? जेवलास का, अंगात ताप नाय ना, आणि नाय जमत तर ये निघून, एवढं म्हणून तुम्ही फोन मामीकडं देता. मामीला गाडीचं सांगावं तर ती म्हणते, "त्या भवानीचं नाव काढू नगं माझ्याम्होरं." म्हणून कागद. कागदाला मधेच तोडता येत नाही.

आता पहिल्यापासून. जुनी जीप भंगारात गेल्यावर तुम्ही ही डिझेलची व्हॅन घेतली. सकाळी मढच्या अंगाच्या वाड्यांवरनं बाया आणायच्या, ओतूरच्या रानांत कांद्याला सोडायच्या, दिवस मावळताना परत न्यायच्या, चतुर्थीला लेण्याद्री, लग्नसराईत वऱ्हाड. कागदावर बारा माणसं बसतात. (प्रत्यक्षात किती ते पत्रात लिहायला नको, पत्रं कुणाच्याही हाती पडतात.) नव्या डिझेल गाड्यांना नियमानं धूर गाळायची व्यवस्था असते, हे तुम्हाला घेतानाच सांगितलं होतं, पण तेव्हा तुम्ही बोनेटवर कुंकवाचं बोट ओढत होता. सायलेन्सरच्या वाटेत एक जाळी असते, धुरातली काजळी तिच्यात अडकते. त्याच्या पुढं युरियाचं पाणी फवारणारं एक नळकांडं असतं, ते धुरातल्या विषारी वायूचा निकाल लावतं. एवढंच. चूल ती चूलच, फक्त तिच्या धुराड्यातनं धूर दिसायचा नाही असा हट्ट.

या व्यवस्थेत काही बिघडलं की मीटरवर पिवळा दिवा लागतो. मी यात्रेला घरी आलो तेव्हा तो लागलेलाच होता, पण मला दिसला नाही, कारण मामीनं त्यावर टिकली लावली होती. मोठी, चॉकलेटी. सारखा डोळ्यांत खुपतोय म्हणाली. मी टिकली काढली तर खाली दिवा, आणि मामी म्हणते, "बघ, काढली की लागतोय." दिवा टिकलीनं विझतो असाच तिचा समज होता की ती माझी चेष्टा करत होती, हे मला अजून कळलेलं नाही. तिला विचारू नका.

मी या वेळी हात हलवत आलो नव्हतो. उस्तादांकडून (उस्ताद म्हणजे आमच्या वर्कशॉपचे मोठे मिस्त्री, बिकानेरकडचे, मिशी अशी की तिला नंबर प्लेट लावावी) मी स्कॅनर मागून आणला होता. गाडीला जोडला की बिघाडाचे आकडे पाटीवर येतात. आपल्या खळ्यात मी तो जोडला तेव्हा सगळी आळी गोळा झाली, आणि मामा, खोटं कशाला सांगू, मला लई बरं वाटलं. आठवीत शाळेनं आणि मी एकमेकांना सोडलं, तेव्हापासून एवढी माणसं माझ्याभोवती फक्त भांडणात गोळा झाली होती. शेजारचा संपतनाना तेवढा म्हणाला, "गोरख्या, माझ्या म्हशीला लाव की ते. दूध का आटलं ते तरी कळंल." माणसं हसली. मीही हसलो. पुढं त्या संपतनानाचं काय झालं ते येतंच आहे.

पाटीवर पहिला आकडा आला तो युरियाचा. युरियाचं पाणी खराब. मी तुम्हाला विचारलं की टाकीत काय भरता, आणि तुम्ही सरळ पडवीतल्या पोत्याकडं बोट केलं. शेताचा युरिया! घमेल्यात कालवलेला, मामीच्या जुन्या लुगड्यातनं गाळलेला. "त्या शोरूमच्या पोरानं सांगितलं, युरिया सपू दिऊ नका. म्या कधी सपू दिला न्हाई," असं तुम्ही जे म्हणालात त्यात चूक काढायला मला जागाच सापडली नाही. गाडीचा युरिया वेगळा, तो शुद्ध पाण्यात मापानं कालवलेला बंद कॅनमध्ये मिळतो, शेताच्या युरियाला कडुनिंबाचा लेप असतो, तो नळकांड्यात जाऊन बसतो, हे मी समजावलं. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "पिकाला चालतो. गाडी काय पिकापरीस नाजूक हाय व्हय?" नळकांडं उघडलं तर आत पांढरा थर, चुन्याच्या डबीसारखा. तो धुवायला दिवसभर बंबातलं ऊन पाणी लागलं. घरात कुणाची अंघोळ झाली नाही, आणि यात्रेच्या दिवशी पारोशी राहिल्याबद्दल मामी मला जे बोलली ते इथं कच्छच्या वाऱ्यातसुद्धा अधूनमधून ऐकू येतं. टाकीतलं जुनं पाणी तुम्ही वाया घालवू दिलं नाहीत, नारळाच्या आळ्यात ओतलंत. आठवडाभरात खरा फायदा झाला तो त्या नारळाला.

दिवा गेला. मामीनं सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. ओतूरपर्यंत साखरेची चव जिभेवर होती आणि ओतूरच्या अलीकडं दिवा परत लागला.

मग मी म्हणालो, सापडलं. जाळीच्या मागचा-पुढचा दाब मोजायला एक बारकी रबरी नळी असते, ती उंदरानं खाल्ली होती. त्या उंदराचीही चूक म्हणवत नाही. रोज बाया गाडीत भाकरी सोडतात, चुरा पडतो, खालची ऊब मिळते; त्यानं आपलं घरच मांडलं होतं. नळी लगेच कुठली मिळायला, तर तुमच्या दोस्तानं, ओतूरच्या बाळासाहेब मिस्त्रीनं, फवारणीच्या पंपाची नळी कापून लावली. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. पण बाळासाहेब मला हाफ चड्डीत असल्यापासून ओळखतात आणि मी काही म्हणालो की ते माझ्या चड्डीच्या आठवणी काढतात, म्हणून गप्प बसलो. ती नळी चतुर्थीच्या दिवशी लेण्याद्रीच्या पायथ्याला वितळली. गाडीतल्या बायांनी वासावरनं आपापल्या चपला उचलून बघितल्या. मग नारायणगावातनं नीट नळी आणून लावली. पुन्हा दिवा गेला, पुन्हा आला.

त्यावर बाळासाहेबांनी जो उपाय सांगितला तो तुमच्या मनात अजून घोळत असेल म्हणून लिहितो. ते म्हणाले, जाळीच काढून फेकतो, साधी नळी टाकतो, जाळी न्हाई तर दिवा बी न्हाई. मी नको म्हणालो तर, "ह्यो लई शिकून आला कच्छातनं," असं तुमच्याकडं बघून म्हणाले, आणि तुम्ही जमिनीकडं बघितलंत. मामा, नियमात बसत नाही ही एक गोष्ट झाली. पण मला नियमाच्या आधी रोज कांद्याला येणाऱ्या साळुबाई आठवल्या. जीप होती तेव्हा त्या शेवटच्या बाकावर, मागच्या फाळक्याला टेकून बसायच्या, पदर नाकाला आणि वाटभर खोकला. आता त्या त्याच जागी बसतात. त्या दिवशी सहज म्हणाल्या, "ह्या गाडीत बसल्यापास्नं भाकरीची चव लागती रं. आधी समदी डिझेलवाणी लागायची." त्यांना जाळी म्हणजे काय ते माहीत नाही. तुम्हाला आता माहीत आहे, म्हणून ती काढायची नाही.

आता कडब्याचं. हे सांगायला नको होतं, पण न सांगता पुढं जाता येत नाही. जाळीत साठलेली काजळी गाडी आपली आपणच जाळते. इंजिन तापलं की ती जास्तीचं डिझेल मारून जाळीत विस्तवासारखी धग करते, काजळीची राख होते आणि जाळी मोकळी. ते आपोआप होत नसेल तर स्कॅनर लावून, गाडी जागेवर उभी करून, जबरदस्तीनंही करता येतं. मी तेच करायला घेतलं. उस्तादांनी मला बजावलं होतं की मागं मोकळी जागा ठेव. मी मोकळी जागा बघितली, पण गाडीच्या पुढची. मागं संपतनानाची कडब्याची गंज होती. सायलेन्सरचं तोंड तिच्याकडं. पंखा घोंघावायला लागला, इंजिन चढ्या आवाजात बोलायला लागलं, मी यंत्राच्या पाटीवर चढत जाणारे आकडे मोठ्यानं वाचत होतो आणि आळीतली माणसं दर आकड्याला "आरं तिच्या" म्हणत होती. गंजीतनं धूर निघतोय हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. त्या गाडीचं काम धूर न काढण्याचं, म्हणून धूर दिसला तेव्हा मला वाटलं काहीतरी दुरुस्त होतंय.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मामीनं पाण्याची घागर गंजीवर ओतली, संपतनानानं बादली माझ्यावर, आणि तुम्ही मात्र गंजीकडं न जाता धावत गाडीकडं आलात, किल्ली फिरवून इंजिन बंद केलंत आणि बोनेटवर दोन्ही हात ठेवून उभे राहिलात. गंज वाचली, खालच्या चार पेंढ्या करपल्या. संपतनाना म्हणाला, "म्हशीचं दूध आटलेलं बरं व्हतं. आता कडबा बी भाजून खायाला घालतोस व्हय रं?" सगळे मला बोलत होते, तुम्ही नाही. संध्याकाळी मी बॅग भरत असताना तुम्ही हळूच म्हणालात, "गोरख, लेकरा, आता तिला हात लावू नगं. ती तुला भ्याली." मी यंत्राला घाबरणारी माणसं बघितली आहेत, पण माणसाला घाबरलेलं यंत्र तुमच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. आणि दुसऱ्या दिवशी मला आळेफाट्याला सोडताना तुम्ही विकायचं बोललात. म्हणालात, मुकं जनावर असतं तर इकलं नसतं, पण ह्ये जनावर बी न्हाई आन् मुकं बी न्हाई, सारखं दिवा लावून बोंबलतंय, आन् मला त्याचं कळत न्हाई.

"मला त्याचं कळत न्हाई" हे मी तुमच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. शर्यतीत बैलगाडा पळवायचात तेव्हा घाटाच्या तोंडाशी नुसते बैलाचे कान बघून तुम्ही सांगायचात की आज हा पळणार नाही, सोडा त्याला. एसटीनं कल्याण, तिथनं रेल्वे, इतक्या लांबपर्यंत ते वाक्य माझ्या बाजूला बसून आलं.

इथं आल्यावर उस्तादांना स्कॅनर परत दिला आणि सगळी हकीकत सांगितली. (कडबा वगळून. मग त्यांनी यंत्राला लागलेली काडी बघितली, मग कडब्यासकट.) मला वाटलं ते आकडे विचारतील. त्यांनी विचारलं, "चलाता कौन है?" म्हटलं, मामा. "कैसे चलाता है?" मी जरा विचार केला आणि जे तोंडाला आलं ते म्हणालो, "प्यार से." उस्तादांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "बस, यही बीमारी है." आणि चहा प्यायला निघून गेले. मी तिथंच टायरवर बसून राहिलो, आणि मामा, मला तुमची सकाळची खेप अख्खी डोळ्यांसमोर दिसली. आठवडाभर मी गाडीला सगळं विचारलं, शेजारी बसून गाडी चालवणाऱ्याकडं बघितलंच नव्हतं.

तुम्ही मढच्या अंगानं बाया घेत घेत येता. हात दाखवणाऱ्या कुणालाही तुम्ही आजवर मागं टाकलेलं नाही, रिकामं असो की भरलेलं. दर वाडीला थांबा, दर बांधाला रामराम. डिंगोऱ्याच्या पुढं रस्ता जरा मोकळा होतो, गाडीला वेग येतो, इंजिन आता कुठं पुरतं तापतं, आणि ओतूरच्या अलीकडं ती काजळी जाळायला घेते. पंखा मोठ्यानं फिरतो, खालनं धग येते, करपट वास येतो. तुमच्या कानाला ते कळतं. तुम्ही कासरा ओढावा तसा ब्रेक दाबता, गाडी चिंचेखाली घेता, किल्ली काढता, बोनेट उघडता. "तापलीय. हापतीय बघ. दम खाऊ दे तिला." बाया उतरतात, कुणी मिसरी लावतं, कुणी तिथंच पाय पसरून बसतं, साळुबाई घरच्या गोष्टी काढतात. तुम्ही बोनेटवर हात ठेवून उभे राहता, आपल्या पाखऱ्या बैलाच्या छातीवर ठेवायचात तसा. हात गार लागला की निघता. रोज. जाताना तिथं, येताना दुसऱ्या झाडाखाली.

मामा, ती दमून हापत नाही. ती तेव्हा आतली घाण जाळत असते. तेवढी अर्धा-पाऊण तासाची धग तिला सोसू दिली, आणि ती पळती ठेवली, की ती आपली आपण मोकळी होते. आपण नेमकं तेव्हाच तिला थांबवतो. अर्धवट जळलेली काजळी तशीच राहते, वर दुसऱ्या दिवशीची बसते, परत ती जाळायला घेते, परत आपण चिंचेखाली. कडब्याच्या दिवशीही तुम्ही किल्ली फिरवलीत ती तिच्या काळजीनंच. (त्या दिवशी फिरवलीत ते बरोबर केलंत. तो दिवस यात धरू नका.) बैलाला जे लागतं तेच तुम्ही तिला जीव लावून दिलंत, आणि तिला नेमकं तेच चालत नाही. यात तुमचं चुकलं असं मला लिहवत नाही. कुणी जीव लावतंय म्हणून बिघडलेली गाडी मी इथं एकही बघितली नाही. इथं सगळ्या मारून मारून बिघडतात.

तर आता करायचं काय. मामीनं टिकली परत लावली असेल तर पहिल्यांदा ती काढून दिवा बघायला सांगा. परवा गाडीचं नाव न काढता नुसतं दिव्याचं विचारलं तर ती फोनवर म्हणाली की उघड्या डोळ्यांनी बघतोय, मिचकावत नाय. म्हणजे वेळ गेलेली नाही. मिचकावायला लागला किंवा गाडी चढाला रडायला लागली तर मात्र चालवू नका, चांगल्या वर्कशॉपला न्या, जाळी काढून धुवावी लागेल. स्थिर आहे तोवर हा उपाय. एखाद्या दुपारी, बाया रानात असताना, रिकामी गाडी ओतूरहून काढायची, आळेफाट्याच्या पुढं मोठ्या रस्त्याला लागायचं आणि साठाच्या वर धरून चालवत राहायचं. वरचा गिअर टाकू नका, इंजिनला जरा बोलू द्या. पंखा घोंघावेल, घोंघावू द्या. वास येईल, येऊ द्या. दिवा विझला तरी लगेच वळू नका, थोडं पुढं जाऊन शांतपणे फिरा. मग पंधरवड्यातनं एकदा असंच. युरिया कॅनमधला. पोतं पिकाला.

मला माहीत आहे हे तुम्हाला किती जड जाईल. ओतूर ते आळेफाटा या टप्प्यात तुमच्या ओळखीचं नसलेलं माणूस अजून जन्मायचंय. डुंबरवाडीला कुणीतरी हात करेल. फाट्यावर एसटी चुकलेली एखादी लेकुरवाळी उभी असेल, ती असतेच. तिथं थांबलात की सगळं परत पहिल्यापासून. त्यांनी हात केला तर तुम्हीही हात करा, पण पाय ब्रेकवर नेऊ नका, येताना घ्या सगळ्यांना. ते रागावतील. म्हणतील, धर्माजी बदलला, नवी गाडी आली तशी मान ताठ झाली. म्हणू देत. त्या माणसांना तीच गाडी पुढची दहा वर्षं न्यायची आहे. मामीला शेजारी बसवा. तुमचा पाय हलला की ती बोलेलच.

दिवा गेला तर मंचरच्या पावण्यांना चहा पाजून लावून द्या. पावणे चांगले असतील, पण ते गाडी तिकडं मंचरला नेतील आणि वाड्यांवरच्या बायांनी सकाळी कुणाची वाट बघायची? तुम्ही आखितीनंतर ओट्यावर बसून काय करणार, याचाही मी विचार केला. मला तुम्ही बसलेले दिसतच नाहीत.

आता आटोपतो. बोरीला आईकडं गेलात तर सांगा, गोरखचं पत्र आलं आणि त्यात नुसती गाडीच होती. तिला बरं वाटेल, मला काही झालेलं नाही असं ती धरून चालेल. संपतनानांना नमस्कार, त्यांच्या म्हशीला विचारलंय म्हणून सांगा. मामीच्या पायांवर डोकं, पण गुडघ्याला धक्का न लावता.

तुमचाच,
गोरख

ता. क. पत्र परत वाचलं तेव्हा एक गोष्ट राहिली असं वाटलं. खरं म्हणजे तीच लिहायला बसलो होतो, आणि गाडी मधे आली. मामा, मला इथं तिसरा महिना चालू आहे. चाकणला तिसऱ्याच महिन्यात सोडलं, सुरतेला तसंच, हुबळीला तर त्याच्याही आधी. काम येईनासं होतं, वरचा माणूस बोलतो, डोकं तापतं, रात्री झोप लागत नाही, आणि मी तुम्हाला फोन करतो. तुम्ही माझ्या आवाजावरनं ओळखता आणि म्हणता, ये निघून, जरा दम खा. मी येतो. मामी खायला घालते, आठ दिवस चिंचेखाली बसल्यासारखं लई बरं वाटतं. मग नवीन गाव, परत पहिल्यापासून हेल्पर. टायरवर बसलो होतो तेव्हा हे सगळं एकदम ध्यानात आलं आणि माझ्या वाटणीचा चहा गार झाला. सध्या इथं मी लई तापलोय. उस्ताद कालच सगळ्यांदेखत बोलले. तर विनंती एवढीच की या वेळी मला ये म्हणू नका. बाकी काहीही म्हणा. मामीला शिव्या द्यायला सांगा, त्या चालतील. पावसाळ्यापर्यंत काढलं तर उस्ताद इंजिनला हात लावू देणार आहेत.

ता. क. २. वरचं लिहून पाकीट बंद करायच्या आधी मी तुम्हाला फोन लावला होता. तुमचा लागला नाही, डिंगोऱ्यात रेंज नसणार. बरंच झालं. पण मी परत लावणार, मला माझी खात्री नाही. बहुतेक तेव्हा हे पत्र वाचून तुम्ही आळेफाट्याच्या पुढं गाडी काढली असेल, पंखा घोंघावत असेल, आणि नेमका तेव्हाच खिशात वाजेल. माझा आहे म्हणून गाडी बाजूला घेऊ नका. वाजू द्या.